उलट्या अक्षराची विद्या

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनापूर्वी आमच्या काही उत्साही विद्यार्थ्यांनी टी-शर्टांवर संमेलनाचे बोधवाक्य स्वतःच छापावयाचे ठरविले. पांढरे चाळीस टी-शर्ट आणिले, संगणकावर अक्षरे जुळविली, बाजारात मिळणाऱ्या विशिष्ट कागदावर ती छापून घेतली आणि एका मित्राच्या घरची इस्त्री तापवून पहिला कागद कापडावर दाबला. कागद सोलून काढताच सगळ्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले. अक्षरे आरशात दिसावीत तशी उलटी उमटली होती! इतकेच नव्हे, तर 'विद्या' ह्या शब्दातील ऱ्हस्व वेलांटी 'व'च्या आधी यावयाची ती त्याच्या नंतर जाऊन बसली होती, आणि 'द्या'चे दोन तुकडे होऊन मध्ये हलन्ताचा पाय लोंबत होता. चाळीसही कागद अगोदरच छापून ठेविले असल्यामुळे वर्गणीतील बरीच रक्कम पाण्यात गेली. ह्या कार्याचा जो पुढारी होता तो दुसऱ्या दिवशी खालच्या मानेने आम्हांस म्हणाला, "सर, एवढी साधी गोष्ट आमच्या लक्षात कशी आली नाही?"

त्याचे समाधान करावे म्हणून आम्ही त्यास सांगितले की, ही गोष्ट साधी नाही. फार शहाण्या माणसांनी तिच्यापायी आयुष्याची वर्षे खर्ची घातलेली आहेत. हे बोलणे निव्वळ सांत्वनाचे नव्हते. मुद्रणाचा इतिहास म्हटला की ग्रंथ, वृत्तपत्रे व त्यांचे संपादक ह्यांचीच चर्चा होते. परंतु बशीवरील वेलबुट्टी, शिवणयंत्रावरील सोनेरी नाव, कापडाच्या ताग्यावरील देवतेचे चित्र, दुकानावरील पाटी, ह्या वस्तूही छापाच्याच कुळातील असून, अक्षर प्रथम पाहणाऱ्या सामान्य मनुष्यास ग्रंथाच्या आधी ह्याच भेटतात. एका पृष्ठभागावर काढलेला ठसा दुसऱ्या पृष्ठभागावर न्यावयाचा, ही ह्या साऱ्या कलांची मूळ युक्ती. आणि असा ठसा नेताना तो उलटतो, ही मूळ अडचण. ह्या अडचणीशी माणसे कशी झुंजली व त्या झुंजीतून त्यांस काय लाभले, हे पाहणे बोधप्रद आहे.

प्रथम आपल्याच घरचे उदाहरण घेऊ. सर चार्ल्स मॅलेट हे पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचे वकील असता, देवनागरी अक्षरे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापण्याचा प्रयत्न पुण्यास सुरू झाला, व एका तांबटास ते काम शिकविण्यात आले. नाना फडणविसांचा त्यास आश्रय होता. इ. स. १८०० मध्ये नाना निवर्तले आणि पुण्याचे दिवस पालटले. पुढे मिरजेच्या पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ साली भगवद्गीता अशा ताम्रपत्र्यांवरून छापली गेली. अ. का. प्रियोळकरांनी ह्या गीतेची हकीकत विद्वानांपुढे आणिली आहे. तीत सुटे खिळे नाहीत. प्रत्येक पृष्ठ म्हणजे एक अखंड कोरलेला पत्रा.

आता, तांब्यावर अक्षरे कोरणे आपल्या कारागिरांस नवीन नव्हते. दानपत्रांचे ताम्रपट आपल्याकडे शतकानुशतके कोरले जात होते. मग त्या तांबटास नवे शिकावयाचे ते काय होते? ताम्रपट हा वाचावयाचा असतो, म्हणून त्यावरील अक्षर सुलट. छापाचा पत्रा वाचावयाचा नसतो, दाबावयाचा असतो, म्हणून त्यावरील अक्षर उलट. एवढाच काय तो भेद. पण हा भेद हातात उतरविण्यासाठी त्या कारागिरास प्रत्येक अक्षराकडे नव्याने पाहावे लागले असले पाहिजे. 'क'चा गोलावा कोणत्या अंगास, 'ग'चा कणा कोणत्या अंगास, काना पुढे की मागे, हे जन्मभराच्या सवयीने आपण पाहतच नाही. उलटे लिहू लागले म्हणजेच ते दिसू लागते. अक्षर उलटे करावयाचे तर ते आधी पुरते ओळखावे लागते.

मिरजेच्या गीतेच्या अर्धशतक आधी इंग्लंडातील लिव्हरपूल बंदरात ह्याच अडचणीतून दुसरी एक वाट निघाली होती. जॉन सॅड्लर नावाचा एक मुद्रक तेथे राहत असे. त्याने बिघडलेले छापील कागद मुलांस खेळावयास दिले, मुलांनी ते फुटक्या भांड्यांच्या तुकड्यांवर चिकटविले, आणि ते पाहून त्यास ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, सॅड्लर व त्याचा सहकारी गाय ग्रीन ह्यांचे १७५६ चे प्रतिज्ञापत्र मात्र खरे आहे. त्या दोघांनी सहा तासांच्या आत बाराशेंहून अधिक मातीच्या फरशा छापल्या असे त्यात शपथेवर नमूद आहे. फरशीवर चित्र काढणाऱ्यास एका फरशीला जो वेळ लागे तो ध्यानात घेतला म्हणजे ह्या आकड्याचे महत्त्व कळेल. युक्ती अशी की, कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून पातळ कागदावर छाप घ्यावयाचा, शाई ओली आहे तोच तो कागद फरशीवर दाबावयाचा, आणि मग भट्टीत भाजून रंग पक्का करावयाचा. जोसाया वेज्‌वुड ह्या विख्यात कुंभकाराने पुढे आपली भांडी छापून घेण्यासाठी लिव्हरपुलास पाठविण्याचा परिपाठ ठेविला, ह्यावरून ह्या कृतीची योग्यता सिद्ध होते.

येथे उलट-सुलटाचा हिशेब चतुर वाचकाच्या लक्षात येईल. पत्र्यावरून कागदावर येताना छाप एकदा उलटतो, कागदावरून फरशीवर जाताना पुन्हा उलटतो. दोनदा उलटलेले ते सुलट! म्हणजे ह्या कृतीत कोरणाऱ्याने पत्र्यावर अक्षर सरळच कोरावयाचे. मध्ये एक कागद आला आणि हाताची सगळी अडचण त्याने आपल्या अंगावर घेतली. ज्यास इंग्रजीत 'ट्रान्सफर' किंवा फ्रेंच शब्दावरून 'डीकॅल' म्हणतात, तो हाच मध्यस्थ कागद होय.

ह्या मध्यस्थाचा सर्वात मोठा पराक्रम मात्र मातीच्या फरशीवर नव्हे, दगडावर घडावयाचा होता. ॲलॉइस सेनेफेल्डर हा प्राग येथे १७७१ साली जन्मलेला एका नटाचा मुलगा. बापाच्या मृत्यूनंतर कुटुंबाचा भार अंगावर पडला. नाटके लिहून पोट भरावे असा त्याचा बेत होता. परंतु नाटके छापण्याचा खर्च परवडेना, म्हणून ती स्वतःच छापावी असे त्याने मनात घेतले. तांब्याच्या पत्र्यावर उलटे लिहिण्याचा तो सराव करू लागला. पण तांबे महाग, आणि चुकलेला पत्रा घासून पुन्हा गुळगुळीत करणे कष्टाचे. तेव्हा सरावापुरता म्हणून बव्हेरियात मिळणारा चुनखडीचा गुळगुळीत दगड त्याने घेतला. १७९६ साली एके दिवशी परटीण कपडे नेण्यास दारात उभी होती, आईने कपड्यांची याद लिहून घेण्यास सांगितले, आणि घरात कागदाचा तुकडा सापडेना. सेनेफेल्डरने मेण, साबण व काजळी ह्यांच्या आपल्या शाईने ती याद त्या दगडावरच लिहिली. पुढे तो दगड आम्लात धरून पाहावा असे त्याच्या मनात आले, आणि ह्या प्रयोगांची परिणती १७९८ च्या सुमारास शिळामुद्रणाच्या पूर्ण शोधात झाली.

ह्या शोधाचे तत्त्व आपल्या स्वयंपाकघरात रोज दिसणारे आहे: तेल व पाणी एकत्र नांदत नाहीत. दगडावर तेलकट शाईने लिहावे, डिंक व सौम्य आम्ल ह्यांचा हात द्यावा आणि दगड ओला करावा. लिहिलेल्या जागी पाणी ठरत नाही, कोऱ्या जागी ठरते. आता तेलकट शाईचा रूळ फिरविला की कोरी जागा ती शाई नाकारते व अक्षरे तेवढी घेतात. खोदकाम नाही, उठाव नाही. सपाट दगड अक्षर लक्षात ठेवतो. तथापि दगडावर अक्षर उलटेच लिहावे लागे. त्यावर सेनेफेल्डरने तोच मध्यस्थ योजिला. डिंकाचा थर दिलेल्या कागदावर सरळ लिहावयाचे, तो कागद दगडावर दाबावयाचा, आणि उलटलेले अक्षर दगडावर ठेवून कागद काढून घ्यावयाचा. १८१८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात सेनेफेल्डरने कागदावरून दगडावर अक्षर नेण्याच्या ह्या युक्तीस आपल्या सगळ्या शोधात श्रेष्ठ स्थान दिले आहे. त्याचे म्हणणे यथार्थ होते. कारण ह्या युक्तीने छापण्याचा अधिकार कोरणाऱ्याच्या हातून निघून लिहिणाऱ्याच्या हाती आला.

आपल्या लिप्यांस ह्याचे महत्त्व विशेष. रोमन लिपीचे काम थोडक्या खिळ्यांत भागते. देवनागरीस काना, मात्रा, वेलांट्या, रफार व जोडाक्षरे धरून शेकडो खिळे लागतात. मोडीची तर गोष्टच वेगळी, कारण तिच्यात हात न उचलता अक्षरास अक्षर जोडत जावयाचे असते. विल्यम कॅरे ह्यांच्या मराठी कोशात १८१० साली मोडी खिळे वापरले गेले खरे, परंतु वळणदार मोडी लिहिणाऱ्या कारकुनाचा हात खिळ्यात पकडणे दुर्घट होते. शिळाप्रेसवर हा प्रश्नच उरला नाही. जसा हात तसा छाप.

मुंबईत ह्या संधीचे सोने ज्याने केले तो गणपत कृष्णाजी हा पुरुष आमच्या मते मराठी मुद्रणाच्या इतिहासातील फार मोठा मनुष्य होय. अमेरिकन मिशनच्या छापखान्यातील शिळाप्रेस पाहून त्याने स्वतः लाकडी यंत्र तयार केले, लहानसा दगड मिळविला, शाईही घरीच बनविली, आणि १८३१ साली, म्हणजे शके १७५३ मध्ये, मराठी पंचांग छापून बाजारात आणिले. गोविंद नारायण माडगांवकर ह्यांनी १८६३ च्या 'मुंबईचे वर्णन' ह्या आपल्या ग्रंथात ह्या गृहस्थाच्या खटपटीची नोंद केली आहे, ती मुळातून वाचावी. सोवळ्या मंडळींस छापील कागदाचा विटाळ वाटे, शाईत चरबी असते ही शंका त्यांच्या मनातून जाईना, त्यासाठी तुपाची शाई करून पोथी छापल्याच्या गोष्टीही सांगतात. अशा काळात पंचांग हीच वस्तू प्रथम छापावयास घेण्यात केवढे व्यवहारज्ञान होते! ज्या घरात इंग्रजी विद्येस दार बंद होते त्या घरातही पंचांगास मज्जाव नव्हता. पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागराने १८६९ पासून खिळ्यांच्या सुबकपणाचा जो आदर्श घालून दिला तो सर्वश्रुत आहे. परंतु डोळ्यास छापील अक्षराची गोडी लावण्याचे काम त्याआधी शिळाप्रेसने केले होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ह्या विद्येस रंग चढला. गोडफ्रॉय एंगेलमान ह्याने १८३७ साली रंगीत शिळामुद्रणाचे पेटंट घेतले. त्यात दर रंगास एक दगड, आणि सगळे रंग नेमके एकमेकांच्या जागी बसले पाहिजेत. ह्या रंगीत छापाचा संयोग मध्यस्थ कागदाशी झाला आणि डीकॅलला आजचे स्वरूप आले. त्याचे दोन प्रकार नवशिक्याने समजून घ्यावेत. पहिला पालथा घालावयाचा. ह्यात चित्र उलटे छापतात, आणि रंगांचा क्रमही उलटा असतो. जो रंग शेवटी वर दिसावयाचा तो आधी छापावयाचा व पार्श्वभूमीचा पांढरा सर्वांच्या शेवटी. वस्तूवर वार्निश लावून कागद पालथा चिकटवितात व मागून ओला करून सोलून काढतात. दुसरा पाण्यात भिजवून सरकवावयाचा. ह्यात कागद व चित्र ह्यांच्यामध्ये विरघळणाऱ्या खळीचा थर असतो. पाण्याने खळ सुटते आणि चित्राचा पातळ पापुद्रा उताणाच वस्तूवर सरकतो. म्हणून येथे चित्र सुलटच छापतात. चिनी मातीच्या भांड्यांसाठी शाईऐवजी धातूंच्या भस्मांचे रंग वापरतात, आणि झिलईवर बसविलेला असा पापुद्रा सुमारे ८०० अंश सेल्सिअसला भाजला म्हणजे रंग झिलईत मुरून बसतो. आमच्या आजीच्या शिवणयंत्रावरील सोनेरी वेल कोणी कुंचल्याने काढिली असावी अशी आमची लहानपणी समजूत होती. ती अशीच कागदावरून उतरलेली होती हे कळले तेव्हा आमचा थोडा विरस झाला, हे कबूल केले पाहिजे.

ह्याच रंगीत शिळामुद्रणाने आपल्या बाजाराचे रूप पालटले. मँचेस्टरहून येणाऱ्या कापडाच्या ताग्यांवर राम, कृष्ण, लक्ष्मी ह्यांची झगझगीत लेबले असत. स्वीडन व जपान ह्या देशांतून येणाऱ्या काडेपेट्यांवरही हिंदू देवदेवता विराजमान झाल्या. गिऱ्हाइकास कंपनीचे नाव वाचता येत नसे. ते चित्रावरून माल ओळखी. म्हणून व्यापाऱ्यास चित्र हेच नाव, आणि चित्राची चोरी म्हणजे नावाची चोरी. हिंदुस्थानात १८८९ साली मालावरील खोट्या खुणांविरुद्ध कायदा झाला, व १९४० साली व्यापारचिन्हांचा स्वतंत्र कायदा आला. पुण्याच्या चित्रशाळेने १८७८ पासून व राजा रविवर्म्याच्या छापखान्याने १८९४ पासून देवादिकांची व थोर पुरुषांची रंगीत चित्रे घरोघर पोहोचविली. रविवर्म्याचा छापखाना मुंबईहून पुढे लोणावळ्यानजीक मळवलीस गेला, आणि १९७२ साली आगीत भस्मसात झाला. दगडाने जपलेले अशा रीतीने अग्नीने नेले.

राहता राहिली पाटी. पाट्या रंगविणारा पेंटर हा ह्या कुळातील अगदी अलीकडचा वंशज, आणि आमच्या पिढीच्या डोळ्यांदेखत त्याचा व्यवसाय मावळला. आमच्या आळीतील अशा एका वृद्ध पेंटरचे काम आम्ही लहानपणी तासन्‌तास पाहत उभे राहत असू. प्रथम तो खडू लावलेली दोरी दोन टोकांस ताणून तिला मध्ये टिचकी मारी. फळीवर सरळ रेघ उमटे, तीच शिरोरेषा. मग त्या रेषेस तो अक्षरे टांगी. रोमन अक्षर जमिनीवर उभे असते, देवनागरी अक्षर दांडीवरील धुण्यासारखे लोंबते, हे व्याकरणाच्या कोणत्याही पुस्तकाने आम्हांस शिकविले नाही, त्या दोरीने शिकविले. एकच मजकूर अनेक पाट्यांवर हवा असला म्हणजे तो कागदावर अक्षरे काढून त्यांच्या कडेने टाचणीने भोके पाडी, कागद फळीवर धरी आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी वरून आपटी. ठिपक्यांची अक्षरे फळीवर उतरत. रांगोळीचे सच्छिद्र छाप वापरणाऱ्या आमच्या भगिनींस ही युक्ती परकी वाटणार नाही. लिव्हरपूलचा मध्यस्थ कागद आमच्या आळीत असा कोळशाच्या रूपाने नांदत होता.

ह्या शतकाच्या आरंभास फ्लेक्सचे फलक स्वस्त झाले आणि बघता बघता कुंचला बाजूस पडला. ह्याबद्दल नुसते उसासे टाकणे आम्हांस योग्य वाटत नाही. ज्या लहान दुकानदारास रंगविलेली पाटी परवडत नव्हती त्यास फ्लेक्स परवडला. चार टी-शर्ट किंवा दोन कप छापून घेणे पूर्वी श्रीमंतांचा शोक होता, तो आज कोणासही साध्य आहे. गणपत कृष्णाजीस हे पाहून आनंदच झाला असता. ज्या मनुष्याने स्वतः यंत्र बनविले तो यंत्राचा द्वेष करील कसा?

दुःखाचे कारण निराळे आहे. साधन बदलले त्यात वावगे काही नाही. पण साधन हाती देताना अक्षराची ओळख मात्र कोणी करून दिली नाही. आपल्या गावच्या मुख्य रस्त्याने एकदा पाट्या वाचीत जावे. कोठे 'ख'चे अवयव सुटून तो 'रव' वाचला जातो, कोठे जोडाक्षर मोडून हलन्ताचा पाय बाहेर आलेला असतो, कोठे वेलांटी शेजाऱ्याच्या डोक्यावर चढलेली असते. देवनागरीची जुळणी न जाणणाऱ्या संगणकीय साधनात मजकूर ओतला की असे होते. आणि ते ज्यास दिसत नाही तो ते तसेच छापतो. कुंचल्याच्या पेंटरचेही शुद्धलेखन चुकत असे, हे आम्हांस ठाऊक आहे. पण अक्षराचा अवयव त्याच्या हातून कधी मोडत नसे, कारण तो अवयव त्याच्याच हाताने काढलेला असे. महाराष्ट्र सरकारने २०२२ साली कायद्यात दुरुस्ती करून दहापेक्षा कमी नोकर असलेल्या दुकानांसही मराठी पाटी बंधनकारक केली, मराठी अक्षर इतर लिपीतील अक्षराहून लहान नसावे असाही दंडक घातला, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील दुकानदारांस ह्या पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिली. हे सर्व इष्टच झाले. पण कायदा अक्षराची उंची मोजू शकतो, अक्षराचे आरोग्य तपासू शकत नाही. नुकतेच वाचू लागलेले मूल बापाचे बोट धरून रस्त्याने चालताना पाट्याच वाचीत असते. त्याची ही बाराखडी मोडकी असेल, तर पुढे आम्ही महाविद्यालयात कोणते वाङ्मय शिकविणार?

ह्या इतिहासातील माणसांकडे पुन्हा एकवार पाहिले म्हणजे एक गोष्ट चटकन डोळ्यांत भरते. मिरजेचा तांबट, नाटके छापू पाहणारा सेनेफेल्डर, लाकडी यंत्र ठोकणारा गणपत कृष्णाजी, हे सगळे आपापल्या कामात नवशिकेच होते. ही विद्या नवशिक्यांनीच घडविली आहे. तेव्हा आजच्या नवशिक्यांनी संकोच बाळगण्याचे कारण नाही. मात्र त्या नवशिक्यांस यंत्राने एक सवलत दिली नव्हती: अक्षराकडे न पाहता ते छापण्याची. आजचे यंत्र ती देते, आणि तीच नेमकी घेऊ नये. जे छापावयाचे ते आधी हाताने एकदा लिहून पाहावे. कागद पालथा बसणार की उताणा, ह्याचा विचार करावा. चाळीस छापण्यापूर्वी एक छापावा, आणि तो आपल्याहून चांगले वाचणाऱ्या कोणास दाखवावा.

आमचा तो विद्यार्थी यंदाच्या संमेलनाच्या आधी पुन्हा आमच्याकडे आला. ह्या खेपेस त्याच्या हाती छापील कागद नव्हता. बोरूने मोठ्या अक्षरात लिहिलेले बोधवाक्य होते, आणि तो कागद खिडकीच्या काचेस लावून तो मागच्या बाजूने वाचीत होता. "सर," तो म्हणाला, "'द्या' मागून कसा दिसतो हे मी आजवर कधी पाहिलेच नव्हते." आम्हीही उठून खिडकीपाशी गेलो, कारण खरे सांगावयाचे तर आम्हीही तो कधी पाहिला नव्हता.